वाकडं स्टीअरिंग, सरळ गाडी: ताईच्या ८०० च्या नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

गाडी ताईची. मारुती ८००, २००६ ची, नंबर एमएच १५ चा, म्हणजे नाशिकचा. पॉवर स्टीअरिंग नाही, एअरबॅग नाही, त्यामुळे घरी हात घालायला भीती नाही. ताई इंदिरानगरहून रोज गिरणाऱ्याला शाळेत शिकवायला जाते. सिंहस्थाच्या तयारीत शहरातले रस्ते जागोजागी उकरलेले, पुढे गिरणारे रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेट भरलेल्या पिकअपची गर्दी. जुन्या रॅकनं, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की आडवी सरकून चाकं वळवणाऱ्या दातेरी दांडीनं, एवढी वर्षं काढली हेच खूप.

पुढच्या वर्षी पेठ रोडला आरटीओत गाडी पुन्हा पासिंगला न्यायची आहे. स्टीअरिंगमध्ये ढिलाई होती, गतिरोधकावरून उतरताना पायाशी कटकट वाजायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत काम उरकून घेतलं: नवा रॅक, दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यांची, म्हणजे टाय रॉडची, बाहेरची टोकं), आणि रॅकमध्ये धूळ जाऊ नये म्हणून असलेले दोन्ही रबरी बूट. काम एका ओळखीच्या गॅरेजात झालं आणि त्यांनीच सांगितलेल्या दुकानात व्हील अलाइनमेंट. आवाज गेला, ढिलाई गेली. पण ताई म्हणाली, "गाडी सरळ जाते रे, स्टीअरिंग मात्र उजवीकडे बघतं."

कॉलनीत एक चक्कर मारली. खरंच आहे. स्टीअरिंगच्या वरच्या कडेला बरोबर मधोमध पांढरी चिकटपट्टी लावली, आणि सरळ जाताना थांबून मोबाइल आडव्या दांडीवर टेकवून कोन घेतला. २२ अंश उजवीकडे.

गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाला, "आणा ना दादा, स्टीअरिंग काढून दोन दाते फिरवून बसवतो. पाच मिनिटांचं काम." तूर्त नको म्हटलं. तराजूचा काटा हातानं मध्यावर आणला म्हणून पारड्यातला माल वाढत नाही. वाकडेपणा कुठून आला हे आधी बघायचं, मग पाना उचलायचा.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी लवकर दुगावच्या पुढपर्यंत गेलो. रस्ता रिकामा आणि बराचसा सपाट.

दोन तक्रारी सारख्या वाटतात, पण वेगळ्या आहेत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर हात सोडताच ती त्या बाजूला जाते. सरळ ठेवायला स्टीअरिंग धरून बसावं लागतं, म्हणून ते वाकडं दिसतं. त्यात बघायचं ते टायर, हवा, घासणारा ब्रेक, आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल. दुसरा प्रकार: हात सोडला तरी गाडी सरळच जाते आणि स्टीअरिंग आपलं वाकडंच राहतं. तिथे टायरला दोष देऊन उपयोग नाही. चाकं आणि स्टीअरिंग यांच्या मधल्या साखळीत कुठेतरी माप चुकलेलं असतं.

आपला रस्ता मध्यावर उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. डावीकडून चालणारी गाडी त्यामुळे थोडी डावीकडेच घसरू पाहते आणि स्टीअरिंगला अंश-दोन अंश उजवीकडे धरावं लागतं. हे कुठल्याही गाडीत होतं. म्हणून एकदा डाव्या कडेनं, एकदा समोर कुणी नाही हे पाहून रस्त्याच्या मध्यावरून, आणि परतताना पुन्हा तसंच. फरक पडला तो जेमतेम अंशाचा. बाकी सगळीकडे पट्टी २१ ते २३ अंशांत उजवीकडे. हलका हात ठेवला तर गाडी सरळ. ब्रेक दाबला तरी सरळ.

म्हणजे दुसरा प्रकार. तरीही घरी येऊन हवा सारखी केली, पुढची चाकं अदलाबदल करून पाहिली, रिम हाताला कितपत गरम लागतात ते पाहिलं. काही निघालं नाही. हा भाग इथेच संपला.

परत येताना ताईनं दोन गोष्टी सांगितल्या, त्या माझ्या कोनापेक्षा कामाच्या. एक, उजवीकडे वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, हातानं बंद करावा लागतो. डावीकडचा मात्र वळण पुरं व्हायच्या आतच पडतो. दोन, शाळेच्या फाटकासमोर जिथे ती एका दमात यू टर्न घ्यायची तिथे आता एकदा मागे घ्यावं लागतं.

इंडिकेटरचं सोपं आहे. तो बंद करणारा खटका स्टीअरिंगच्या मधल्या भागाबरोबर फिरतो. वळण घेऊन स्टीअरिंग परत येताना खटका इंडिकेटरच्या दांडीला लागला की इंडिकेटर पडतो. आपलं स्टीअरिंग २२ अंश आधीच थांबतं, खटका तिथवर पोचतच नाही. यू टर्नचं मात्र नुसत्या वाकड्या स्टीअरिंगनं होणार नाही. आपल्याकडे यू टर्न उजवीकडेच घ्यायचा असतो, आणि उजवीकडे चाकं पूर्वीएवढी वळत नाहीत असा त्याचा अर्थ. स्टीअरिंग काढून दोन दाते फिरवलं असतं तर ते दिसायला सरळ झालं असतं, इंडिकेटरही बरेचसे सुधारले असते, आणि यू टर्न होता तसाच राहिला असता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डॅशबोर्डच्या कप्प्यात अलाइनमेंटचा कागद सापडला. दुकानानं दिलेला, घडी घालून ठेवलेला, कुणी उघडलाही नव्हता. त्यात टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाची पुढची कड किती आत (अधिक) किंवा बाहेर (वजा) बघते; ६० मिनिटांचा एक अंश.

एकूण टो: अधिक ० अंश ०६ मिनिटं. हिरवा.
डावं चाक: वजा १ अंश १० मिनिटं. लाल.
उजवं चाक: अधिक १ अंश १६ मिनिटं. लाल.

म्हणजे मशीननं सगळं सांगितलं होतं. एकूण टो म्हणजे दोन्ही चाकांच्या टोची बेरीज, आणि टायर झिजतात ते बेरीज चुकली तर. बेरीज ठीक होती, म्हणून काम झालं म्हणून पैसे घेतले. पण स्टीअरिंग सरळ धरलेलं असताना डावं चाक बाहेर बघतंय आणि उजवं आत. म्हणजे दोन्ही चाकं मिळून डावीकडे बघताहेत. गाडी सरळ न्यायची तर ती दोन्ही उजवीकडे आणावी लागतात, आणि त्यासाठी स्टीअरिंग उजवीकडे. रस्त्यावर गाडी पळू लागली की चाकं टो आपापसांत सारखा वाटून घेतात, म्हणून गाडी सरळ जाते, टायरही कुरकुरत नाहीत, आणि वाकडेपणा येऊन साठतो तो स्टीअरिंगवर.

दोन्ही आकड्यांची सरासरी १ अंश १३ मिनिटं. रस्त्यावर मोजलेल्या २२ अंशांना त्यानं भागलं तर अठराच्या आसपास येतं. स्टीअरिंग १८ अंश फिरवलं की चाक १ अंश, असं धरायला हरकत नाही. कागद आणि रस्ता एकच बोलताहेत, हे बरं झालं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शेजारचे काका आले. सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. स्वतः गाडी चालवत नाहीत, पण माप म्हटलं की घरात बसवत नाही. कागद पाहिला आणि म्हणाले, "चाकं कुठे बघतात ते कळलं. रॅक कुठे उभा आहे ते यात कुठंय?"

तेच खरं. अलाइनमेंटच्या मशीनला चाकं दिसतात आणि, कामगारानं सरळ धरलं असेल तर, स्टीअरिंग. रॅक मध्यावर आहे की नाही हे त्याला दिसत नाही. साखळी अशी आहे: स्टीअरिंग, त्याचा दांडा, खालचं कपलिंग (दांडा आणि पिनियन जोडणारं), पिनियन (रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक), रॅक, दोन बाजूंना टाय रॉड, चाकं. माप दोन जागी चुकू शकतं. रॅकच्या वर, म्हणजे कपलिंग किंवा स्टीअरिंग एखाद्या दात्यानं सरकून बसलं असेल. किंवा रॅकच्या खाली, म्हणजे एक टाय रॉड आखूड आणि दुसरा लांब. दोन्ही चुका एकाच वेळी असू शकतात, आणि एकमेकींना थोडं झाकूही शकतात.

पुढची बाजू जॅकनं उचलली, दोन्हीकडे घोड्या लावल्या, हलवून पाहिलं. चाकं हवेत असली की रॅक खरोखर टोकाला टेकेपर्यंत फिरवता येतो.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत: साडेतीन फेरे. म्हणजे १२६० अंश. मध्य ६३० अंशांवर, पावणेदोन फेऱ्यांवर.

उजव्या टोकापासून पावणेदोन फेरे मागे आलो. रॅक आता बरोबर मध्यावर. पट्टी कुठे? वर नाही. १० अंश डावीकडे.

काकांनी स्वतः पुन्हा डाव्या टोकापासून मोजून पाहिलं. तेच.

मग गाडी सरळ जाताना जिथे पट्टी असते तिथे, २२ अंश उजवीकडे, स्टीअरिंग आणलं आणि दोन्हीकडचं उरलेलं अंतर मोजलं. उजवीकडे ५९८ अंश, डावीकडे ६६२. फरक ६४, त्याचा निम्मा ३२. हिशेब जुळला: गाडी सरळ असताना रॅक उजव्या वळणाच्या दिशेनं ३२ अंश सरकलेला आहे. त्यातले १० रॅकच्या वरच्या चुकीनं लपवले, म्हणून आपल्याला २२ च दिसत होते.

आता यू टर्नचं कोडं सुटलं. रॅक आधीच त्या दिशेनं गेलेला, म्हणून उजवीकडे वळायला कमी उरतो. डावीकडे उलट, गरजेपेक्षा जास्त. डावीकडे पूर्ण वळवून चाकाच्या कमानीत टॉर्च मारला तर आतल्या पत्र्यावर टायरनं घासल्याची ताजी, चकचकीत रेघ होती.

टाय रॉडचे आटे मोजले. लॉक नटच्या (एंड जागेवर पक्का धरणाऱ्या नटच्या) आतल्या बाजूला दिसणारे: डावीकडे ९, उजवीकडे १५. नवा रॅक, नवे एंड, दोन्हीकडचे भाग सारखे, मग सहा आट्यांचा फरक कशाला? जुने एंड काढताना किती फेऱ्यांत निघाले ते मोजलं नसणार, नवे अंदाजानं चढवले असणार, आणि अलाइनमेंटच्या दुकानात सोपी पडली ती एकच बाजू फिरवून एकूण टो हिरवा केला असणार. उजव्या लॉक नटवर पान्याच्या ताज्या खुणा आहेत. डावीकडच्या नटला हातच लागलेला नाही.

नुसते आटे सारखे करून मोकळं व्हावं असं वाटतं, पण चाक धरणारी एखादी आर्म वाकलेली असेल तर सारखे आटे म्हणजे वाकडी चाकं. आट्यांची मोजणी संशय घ्यायला पुरते, निकाल द्यायला नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज दोरी. गाडीच्या मागच्या चाकांची दिशा आधी बघून घ्यायची, कारण मागचा धुराच तिरका बसला असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि पुढे कितीही जुळवा, स्टीअरिंग वाकडंच येतं. या गाडीत मागे अखंड धुरा आहे, टो जुळवायची सोय नाही. चुकला असेल तर बुश किंवा बैठक बघावी लागेल.

सामान: गवंडी वापरतात ती नायलॉनची दोरी, रंगाचे चार रिकामे डबे त्यांत वाळू घालून, पोलादी पट्टी, व्हर्नियर. दोरी चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागेपर्यंत ताणली. इथे एक खोच आहे. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर एकच असतं असं नाही. म्हणून दोरी पुढच्या आणि मागच्या चाकाला सारख्या अंतरावर लावायची नाही. पुढे डाव्या-उजव्या मध्यांपासून दोऱ्यांचं अंतर सारखं, मागे डाव्या-उजव्या मध्यांपासून सारखं, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे एकच, एवढं बघायचं. तसं केलं की दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर येतात. काकांना हे सांगावं लागलं नाही. उलट दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजून त्यांनी मलाच तपासलं.

मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मापं घेतली. दोन्ही बाजूंना फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मागचा धुरा निर्दोष सुटला.

पुढे स्टीअरिंग २२ अंशांवर बांधून ठेवून मापं घेतली. चाकं सरळ, टो जवळजवळ शून्य. म्हणजे दोरीचं आणि मशीनचं एकमत. नकलची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) आर्म आणि चाकाला खालून धरणारी लोअर आर्म डाव्या-उजव्या ताडून पाहिल्या. ठोकर लागल्याची किंवा वाकल्याची खूण नाही.

चहा घेताना ताईनं विचारलं, "मग उद्या शाळेत नेऊ का ती?" ने म्हटलं. लॉक नट घट्ट आहेत, पिना जागेवर आहेत, धोका नाही. फक्त डावीकडे पार टोकापर्यंत वळवू नको.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हिशेब कागदावर करून ठेवला, शनिवारी हात काळे असताना डोकं चालत नाही.

स्टीअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४२ मिमी सरकतो (शनिवारी लॉक नटला पट्टी लावून मोजलं होतं). ३२ अंशांना ३.७ मिमी. टाय रॉडचे दहा आटे मोजले तर १२.५ मिमी, म्हणजे एका फेऱ्याला सव्वा मिमी. तीन फेऱ्यांना ३.७५. प्रत्येक बाजूला तीन फेरे, एक लांब, एक आखूड. आटेही ९ आणि १५ चे १२ आणि १२ होतील. आटे आणि फेरे यांनी दोन वाटांनी एकच उत्तर दिलं, तेव्हा कुठे पाना उचलावासा वाटला.

कुठली बाजू लांब? या गाडीत रॅक पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे. टाय रॉड लांब केला की चाकाची मागची कड बाहेर ढकलली जाते आणि पुढची आत येते. स्टीअरिंग उजवीकडे वाकडं, म्हणजे ते सरळ धरलं तर चाकं डावीकडे बघणार. त्यांना उजवीकडे आणायचं तर डाव्या चाकाची मागची कड बाहेर, उजव्याची आत. म्हणून डावा लांब, उजवा आखूड. ज्या गाडीत रॅक त्या रेषेच्या पुढे असतो तिथे हे सगळं उलटं होतं. दुसऱ्याचं ऐकून फेरे मारू नयेत, आपल्या गाडीखाली वाकून बघावं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

थंडी पडू लागली आहे, सकाळी पाने हातात धरवत नव्हते.

लॉक नटांना काल रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं. उजवीकडचा सहज सुटला, डावीकडच्याला पाइप लावावा लागला. एंडला एक पाना अडकवून धरायचा आणि दुसऱ्यानं नट. नाहीतर सगळा जोर बॉल जॉइंटवर जातो. रॅक बूटची बाहेरची क्लिप सरकवून बूट दांड्यावरून मोकळा केला. हे विसरलं तर दांडा फिरताना बूट पीळ खातो, काही दिवसांत फाटतो आणि नव्या रॅकमध्ये धूळ. दांड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, म्हणजे फेरे मोजायला चुकायचं नाही.

डावा तीन फेरे बाहेर. उजवा तीन फेरे आत. दर फेऱ्याला मोठ्यानं आकडा, काका समोर उभे.

डाव्या एंडमध्ये आटे पुरेसे आत राहिलेत ना, हे लगेच बघितलं. दांड्याच्या जाडीपेक्षा बरेच जास्त आत आहेत. लांब करताना ही एक मर्यादा आहे. ती ओलांडावी लागत असेल तर माप दुसरीकडेच चुकलंय असं समजावं.

गाडी खाली घेतली. पण चाकं जमिनीवर टेकताना तिरकी चिकटून बसतात, मापं खोटी येतात. त्यासाठी प्रत्येक चाकाखाली शाहाबादी फरशीचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस. चाक हवं तसं सरकतं. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून मगच दोरी लावली.

पट्टी आता कुठे? गाडी सरळ, चाकं सरळ, रॅक मध्यावर, आणि स्टीअरिंग १० अंश डावीकडे. अगदी हिशेबात होतं तसंच. पण ताई खिडकीतून बघत होती, तिला ते वेगळंच दिसलं. "आधी उजवीकडे होतं, आता डावीकडे गेलं. सुधारलं म्हणायचं का याला?"

खरं तर इथे दुसरी वाट होती. रॅक मध्यावर आणायचा हट्ट सोडून टाय रॉडनंच स्टीअरिंग सरळ केलं असतं तर रॅक १० अंशांनी, म्हणजे १.२ मिमीनं बाजूला राहिला असता. ताईला जन्मात कळलं नसतं, आरटीओतही कुणी विचारलं नसतं. काकांना विचारलं तर चष्म्यावरून बघितलं फक्त. ठीक आहे, उद्या कपलिंग.

रविवार, १६ नोव्हेंबर

१० अंशांची चूक रॅकच्या वर आहे. वर दोन जागा: कपलिंग किंवा स्टीअरिंगचा मधला नट. हॉर्नचं झाकण काढून पाहिलं. नटवर आणि दांड्यावर जुन्या रंगाची रेघ, अजून एका ओळीत, वर इतक्या वर्षांची धूळ. हा नट कुणी उघडलेला नाही. कपलिंग मात्र रॅक काढताना सोडावंच लागतं. म्हणून चूक तिथे, आणि दुरुस्तीही तिथेच. स्टीअरिंग दात्यावरून फिरवून डोळ्यांना भागलं असतं, पण मग पुढच्या माणसाला खाली एक चूक आणि वर तिच्यावर पांघरूण सापडलं असतं.

रॅक मध्यावर आणून चाकं अडवली. ड्रायव्हरच्या पायाशी आडवं होऊन कपलिंगचा बोल्ट पूर्ण काढला. नुसता ढिला करून चालत नाही, तो पिनियनच्या खाचेतून जातो, बाहेर आल्याशिवाय कपलिंग वर सरकत नाही. पाचर हलकी ठोकून कपलिंग थोडं उघडलं, वर घेतलं, स्टीअरिंग उजवीकडे एक दाता, पुन्हा खाली. पट्टी बरोबर वर. एका दात्याला १० अंश, म्हणजे दाते ३६ असणार.

बोल्ट हातानं शेवटपर्यंत गेला पाहिजे. अडला तर खाच समोर आलेली नाही; तिथे हातोडी घेतली तर आटे जातील किंवा कपलिंग अर्धवट बसेल. हातानं गेला, मग पान्यानं आवळला. नंतर स्टीअरिंग दोन्ही हातांनी वर ओढून पाहिलं, खाली दाबून पाहिलं. या एका बोल्टवर सगळी गाडी चालते, म्हणून त्याच्यावर रंगाची रेघ मारून ठेवली. हलला तर दिसेल.

टोकापासून टोकापर्यंत पुन्हा मोजणी. दोन्हीकडे पावणेदोन.

दुपारी भाचा आला, त्यालाही त्याच्या गाडीचं स्टीअरिंग असंच सरळ करून हवंय. त्याची गाडी नवी, एअरबॅगची. तिथे स्टीअरिंगखाली एअरबॅगच्या वायरची गुंडाळी असते, फेरे चुकले तर तुटते. कोन मोजणारा सेन्सर असेल तर टो जुळवल्यावर त्याचा शून्य स्कॅनरनं नव्यानं शिकवावा लागतो, नाहीतर डॅशबोर्डवर दिवे लागतात. तुझी गाडी सर्व्हिस सेंटरला ने म्हटलं. नाराज झाला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मुंबई नाक्याजवळच्या दुसऱ्या अलाइनमेंटच्या दुकानात. दोरीनं आलेलं माप रस्त्याला पुरतं, पण टायरच्या भरवशासाठी मशीनचा कागद हवा.

कामगाराला आधीच सांगितलं: "दादा, स्टीअरिंग सरळ करून क्लॅम्प लावा, मग सेन्सर. आणि काही फिरवायचं झालं तर दोन्ही बाजू सारख्या." त्यानं बघितलं, म्हणाला, "बऱ्याच जणांना घाई असते, क्लॅम्प लावू देत नाहीत."

डावं: अधिक ० अंश ०२ मिनिटं. उजवं: अधिक ० अंश ०५ मिनिटं. सगळं हिरवं. उजवा त्यानं चिमूटभर फिरवून ०३ वर आणला. लॉक नट आवळताना दांडा थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायला लावलं. तसंच राहिलं. कागद आधीच्या कागदाला टाचून डॅशबोर्डच्या कप्प्यात.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दहा दिवस गाडी गिरणाऱ्याला जाऊन-येऊन झाली. कपलिंगच्या बोल्टवरची रेघ एका ओळीत. लॉक नट घट्ट. बूटांना पीळ नाही. कमानीतल्या घासलेल्या रेघेवर धूळ बसली आहे, म्हणजे टायर आता लागत नाही. तिथला पत्रा उघडा पडलाय, त्यावर रंगाचा हात मारायचा राहिला आहे.

रस्त्याच्या डाव्या कडेनं जाताना पट्टी अंशभर उजवीकडे असते. ती तशीच राहू द्यायची. तो रस्त्याचा उतार आहे, तो टाय रॉडनं काढला तर सपाट रस्त्यावर स्टीअरिंग डावीकडे येईल. ताईला हे सांगितलं. तिनं चिकटपट्टी कधीच काढून टाकली होती. इंडिकेटर दोन्हीकडचे वेळेवर पडतात आणि फाटकासमोरचा यू टर्न एका दमात होतो, एवढं तिनं सांगितलं. आता म्हणते, दुसऱ्या गिअरला टाकताना खरखर होते, तेवढं बघ.